मामीने पाय धरायचे नाहीत

कुंभकोणमातल्या निम्म्या लोकांचे पाय मी बघितलेत. शेखी मिरवत नाही. अठ्ठावीस वर्षं डॉक्टर चंद्रमौलींच्या इस्पितळात सर्जिकल वॉर्डाची सिस्टर होते, तेव्हा नशिबात पायच पाय. शेतात काटा गेलेले, स्कूटरखाली सापडलेले, साखरेच्या आजाराने सडलेले. अंगावर पांढरा गणवेश असला की माणूस निमूट पाय पुढे करतो आणि "सिस्टर, जपून हं" एवढंच म्हणतो. ही सिस्टर कुठल्या घरची, आपल्याला ती काय लागते, असले प्रश्न वॉर्डात कुणाला सुचत नाहीत.

ते सुखाचे दिवस संपले, कारण मोठ्या डॉक्टरांची मुलगी चेन्नैहून शिकून परत आली. हरिणी तिचं नाव. पोरगी गुणाची, हात हलका, डोकं तल्लख, खोटं कशाला बोलू? पण आल्या आठवड्यातच तिने मीटिंग घेतली. आमच्याकडे तोवर मीटिंग म्हणजे मोठे डॉक्टर जिन्याखाली कॉफी पिता पिता ज्याच्यावर ओरडायचं त्याच्यावर ओरडून घ्यायचे, तेवढीच.

"सरोजा सिस्टर," ती म्हणाली, "साखरेचा पेशंट आपल्याकडे येतो तोवर उशीर झालेला असतो. आता आपण त्याच्या घरी जायचं. म्हणजे तुम्ही जायचं."

"मी? आणि डॉक्टर?"

"मी टॅबवर असेन. पण तपासायचं तुम्ही. तक्ता देते, त्याप्रमाणे इन्सुलिन कमी-जास्त करायचं तुम्ही. ऍडमिट करायचं की नाही, तेही तुम्हीच ठरवायचं."

यातली मेख सांगते. नर्सला कळत नाही असं थोडंच आहे? पेशंटला काय झालंय ते मला दारातून कळायचं. पण तसं म्हणायचं नसतं. डॉक्टरांकडे जायचं, चेहरा जरा बावळट करायचा आणि म्हणायचं, "डॉक्टर, सात नंबरला एकदा बघता का? मला मेलीला काही कळेना." डॉक्टर येणार, बघणार, मला जे वाटलं होतं तेच सांगणार, आणि मी "हो का!" म्हणून डोळे मोठे करणार. चुकलं तर डॉक्टरांचं, बरोबर आलं तरी डॉक्टरांचं. मी आपली घरी जाऊन चिंचेचं सार करायला मोकळी. आणि ही कालची पोर म्हणते, तुम्ही ठरवा!

मला एक निळी बॅग मिळाली, एक टॅब मिळाला. स्कूटर माझीच. गणवेशाचं विचारलं तर हरिणी म्हणाली, "साडीच नेसा सिस्टर, घरी गेल्यावर लोकांना परकं वाटायला नको." अगं बाई, परकं वाटत होतं म्हणून तर माझं चाललं होतं!

पहिला आठवडा कॉफीतच बुडाला. सुंदरपेरुमाळ कोयिल गावात सात घरं केली, सात कॉफ्या झाल्या. नको म्हटलं की "आमच्या घरची चालत नाही का?" प्रत्येक घरी एकच प्रश्न, "डॉक्टर कधी येणार?" मी टॅब दाखवायची. एका आजीने टॅबमधल्या हरिणीला हात जोडले आणि आधी तिच्यासमोर कॉफीचा पेला धरला. हरिणीही बेरकी, "छान झालीय" म्हणाली. रक्तदाब मोजू लागले की बाया मुलीची पत्रिका आणून मांडीवर ठेवत. आपण सूज कुठे आहे विचारावं, त्यांनी तुमच्या ओळखीत कुणी मुलगा आहे का विचारावं. नाकी नऊ आले हो.

तरी ते तमिळ घरांचं. खरी परीक्षा आमच्या माणसांच्या घरी. आम्ही मराठी, तीनशे-साडेतीनशे वर्षांमागे राजांबरोबर तंजावरला आलो, ते इथलेच झालो. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ. आमची घरं मोजकी, त्यामुळे जो तो ज्याचा त्याचा दोन-दोन बाजूंनी नातेवाईक. आणि यादीत दहावं नाव होतं तिरुवलंचुळीच्या व्यंकोबांचं. वय एकाहत्तर, साखर एकोणीस वर्षं.

व्यंकोबा माझे भाचे. हसू नका. माझा नवरा रघुराम हा दहा भावंडांत धाकटा, आणि व्यंकोबा थोरल्या बहिणीचा मुलगा. मामापेक्षा भाचा नऊ वर्षांनी मोठा. मामा पाळण्यात आणि भाचा दोरी धरून झोके देतोय, असा फोटो आमच्या घरात भिंतीवर आहे. मी छप्पन्नाची. म्हणजे वयाने व्यंकोबांहून पंधरा वर्षांनी लहान आणि नात्याने त्यांची मामी. नात्याने मोठी म्हणून मी त्यांना नावाने हाक मारते, वयाने लहान म्हणून अहो-जाहो करते. "अहो व्यंकोबा" म्हणजे दोन्हीकडून समेट.

माणूस सज्जन. पितळी भांड्यांचं दुकान आता मुलगा बघतो, हे विठोबाचं भजन बघतात. रीतभात म्हणजे यांचा प्राण. आणि गेली दोन वर्षं त्यांचे पाय गावात प्रसिद्ध झाले होते. त्याचं असं झालं, चित्रै, म्हणजे चैत्र-वैशाखाच्या उन्हात अकरा वाजता देवळाच्या प्राकारातली, आवारातली फरशी तव्यासारखी तापते. भले भले टाचा उचलून, या काथ्याच्या पट्टीवरून त्या पट्टीवर उड्या मारत पळतात. व्यंकोबा मात्र अनवाणी, सावकाश, ओठांवर अभंग, अकरा प्रदक्षिणा घालत. कुणीतरी म्हणालं, विठोबाने यांना न दिसणाऱ्या वहाणा दिल्यात. झालं. जो तो त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला लागला. परीक्षेआधी पोरं, लग्नाआधी पोरी. आणि सांगायला लाज वाटते, पण मीही प्राकारात उभी राहून दुरून हात जोडले होते. मी! अठ्ठावीस वर्षांची सर्जिकल वॉर्डाची सिस्टर! घरच्या माणसाच्या बाबतीत अक्कल कुठे जाते कोण जाणे.

तर गेले मंगळवारी.

"या मामी, या!" व्यंकोबा झोपाळ्यावरून उठले, उपरणं सावरलं आणि वाकून नमस्कार केला. आमच्या घराण्यात मोठ्यांचा आशीर्वाद कानावर पडेपर्यंत मान वर करायची नाही, अशी रीत. मी घाईने "आयुष्यवंत व्हा" म्हटलं. तेविसाव्या वर्षी लग्न होऊन आले तेव्हा या माणसाला आशीर्वाद देताना लाजून मेले होते. आता तोंडाला सवय झाली.

"कसं काय, व्यंकोबा?"

"अस्की बेष, मामी. सगळं उत्तम, त्याच्या कृपेने."

रक्तदाब झाला, वजन झालं. मग टॅबवर चौदावा प्रश्न आला: दोन्ही पाय उघडे करून हाताने तपासा, नायलॉनचा दोरा टेकवून स्पर्श कळतो का ते बघा.

"पाय पुढे करा," मी म्हटलं.

"कुणाचे?"

"तुमचे! माझे कशाला?"

व्यंकोबांनी दोन्ही पाय झोपाळ्यावर ओढून वेष्टीच्या धोतराखाली घेतले. झोपाळा हलायला लागला. "मामी, हे काय बोलता? मामीने भाच्याचे पाय धरायचे? माझी आई वरून बघतेय!"

"अहो, तपासायचे आहेत."

"तपासा हो. पण धरल्याशिवाय तपासा. मोठ्यांनी पाय धरले की आयुष्य तुटतं. पाप लागतं ते वेगळं."

"अख्खं गाव तुमच्या पायांवर डोकं आपटतं ते चालतं?"

"ते सगळे लहान आहेत. तुम्ही मामी आहात."

"मी या वेळी मामी नाही. सिस्टर आहे."

"मग आत्ता आशीर्वाद कुणी दिला?"

घ्या! स्वयंपाकघराच्या दारात त्यांची सून नंदिता पदर तोंडाला लावून उभी होती. हसत होती की काय, मला दिसलं नाही.

चौदावा प्रश्न सोडवल्याशिवाय टॅब पंधराव्यावर जाईना. न तपासण्याचं कारण निवडा, म्हणे. पेशंट घरी नाही. पेशंट बेशुद्ध. पाय नाही. पेशंट मृत. 'नर्स मामी लागते' हे कुठेच नाही. नंदिता पस्तीस वर्षांची, पण नात्याने मी तिची आजी. ती म्हणाली, "आजी, 'इतर' दाबा." 'इतर' दाबलं, तर टॅब म्हणतो फोटो जोडा. मी वैतागून झोपाळ्याचा फोटो काढला आणि दिला जोडून.

दुपारी हरिणीचा फोन. "सिस्टर, पेशंटच्या पायाऐवजी झोपाळा आलाय."

मी सगळं सांगितलं. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. म्हणाली, "नागलक्ष्मी सिस्टर सोमवारी आडुतुरैचं काम संपवून येतील. त्यांना पाठवू. त्या नात्यातल्या नाहीत ना?"

"नाही, नाही! फार छान!" मी म्हटलं. ओझं उतरलं. ठरवायचं टळलं की माझा जीव नेहमीच हलका होतो.

बुधवारी सकाळी दोसे घालत होते. रघुराम पुढ्यात पेपर धरून बसले होते. बोलता बोलता माझी करंगळी तव्याच्या काठाला लागली आणि मी किंचाळले. एवढीशी करंगळी, एवढासा चटका, पण हात आपसूक मागे आला. मी बोट नळाखाली धरलं आणि तशीच उभी राहिले.

"काय झालं?" रघुराम म्हणाले.

"अहो, व्यंकोबांचे पाय भाजत नाहीत."

"हो, ते सगळ्यांना माहीत आहे. विठोबाची कृपा."

"भाजत नाहीत, की भाजलेलं त्यांना कळत नाही?"

रघुरामांनी पेपर खाली ठेवला. "सकाळी सकाळी अभद्र बोलू नकोस."

पण माझं डोकं भणभणायला लागलं. एकोणीस वर्षांची साखर. पायाच्या नसा मेल्या तर तव्यावर उभं केलं तरी माणूस हसत उभा राहील. वॉर्डात मी हे शंभरदा बघितलं होतं. एकाही पेशंटला मी त्यासाठी संत म्हटलं नव्हतं. आणि उन्हाळा लागून महिना झाला होता. महिनाभर रोज अकरा प्रदक्षिणा. त्या तळव्यांचं काय झालं असेल? सोमवारला अजून पाच दिवस होते, आणि सडायला लागलेला पाय पाच दिवसांत गुडघ्यापर्यंत जातो. मला रडू यायला लागलं आणि स्वतःचा रागही आला. कालपासून मी झोपाळ्याच्या फोटोवर हसत बसले होते. बुधवारी व्यंकोबा जावयाकडे मायावरमला गेले होते, म्हणून गुरुवारचा नऊचा ठोका पडायच्या आत मी तिरुवलंचुळीला पोचले.

व्यंकोबा झोपाळ्यावर होते. पायांत मोजे. लोकरीचे, तपकिरी. कुंभकोणमच्या उन्हाळ्यात!

"मोजे कशाला?"

"गारठा वाटतो, मामी."

मी घामाने निथळत होते. नंदिता हळूच म्हणाली, "दोन आठवडे झाले आजी, देवळातून आले की चढवतात, मग काढतच नाहीत. मंगळवारी तुम्ही येणार म्हणून तेवढे लपवले होते. आपले आपण धुतात, मला हात लावू देत नाहीत. आज तर देवळातही जायचं नाही म्हणतात." साखर मोजली, तीनशे अडतीस. देव्हाऱ्यात उदबत्त्यांचा जुडगाच पेटवून ठेवला होता. पण अठ्ठावीस वर्षं ज्या वासात काढली तो वास उदबत्तीने झाकत नाही. मी ओळखला.

अंगणात जाऊन मी टॅबवर हरिणीला बोलावलं. आणि बघा सवय कशी असते, तोंडातून तेच आलं. "डॉक्टर, एकदा बघता का? मला मेलीला काही कळेना."

हरिणी म्हणाली, "सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?"

अठ्ठावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मग म्हटलं, "डाव्या पायाला जखम आहे, ती चिघळलीय, उजव्यावर भार टाकून बसलेत. आजच आणायला हवं. सोमवारपर्यंत थांबलो तर पाय जाईल."

"मग आणा," ती म्हणाली. "फक्त आधी जखम किती आहे ते मला दिसू दे. ऑपरेशनची तयारी करायची का ते त्यावर ठरेल."

आत येऊन मी टॅब झोपाळ्यासमोर स्टुलावर उभा केला. "व्यंकोबा, मी हात लावत नाही. डॉक्टरांना लांबून दाखवा. मग तर झालं?"

त्यांनी विचार केला. नाही म्हणायला रीतच सापडेना. मग पाठमोरे होऊन एक मोजा काढला, वळले, पाऊल टॅबसमोर धरलं. स्वच्छ, गोरं पाऊल. "हा उजवा." पुन्हा पाठ फिरवली, खुडबुड केली, पुन्हा पाऊल धरलं. "आणि हा डावा."

हरिणी म्हणाली, "दोन्ही चांगले दिसतात की, सिस्टर."

"डॉक्टर," मी म्हटलं, "दोन्ही पायांचे अंगठे डाव्याच अंगाला कसे?"

व्यंकोबांनी वेष्टी खाली ओढली. "मामी, त्या पाटीत सगळं उलटंसुलटं दिसतं."

एकाहत्तर वर्षांचा भजनी माणूस एकच पाय दोनदा दाखवतो! एरवी मी पोट धरून हसले असते. पण हे ऐकून मला त्यांची फार दया आली. म्हणजे यांना ठाऊक होतं. काहीतरी बिनसलंय हे ठाऊक होतं आणि एकट्याने झाकून बसले होते.

"दाखवा, व्यंकोबा. हात जोडते."

"मामी, जाऊ द्या. माझ्या वडिलांचं माहीत आहे ना? अंगठ्याला काळं पडलं म्हणून नेलं, ते गुडघ्यापासून कापून आणलं. महिन्याभरात गेले. दाखवलं की कापतात. झाकली मूठ सव्वा लाखाची." आणि पुन्हा पाय वर ओढून घेतले.

आता समजूत घालायची म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. माझं डोकं सणकलं. आणि सणकलं की मला सुचतं, हा माझा गुण आहे. मी बॅग उचलली, चपलांकडे निघाले आणि मोठ्याने म्हटलं, "नंदिता, येते मी. या घरात आता मामीचा मान राहिला नाही."

व्यंकोबा दचकले. "म्हणजे?"

"मामी दारात आली, भाचा झोपाळ्यावरून हलला नाही. नमस्कार नाही, वाकणं नाही. तेहतीस वर्षांत असं झालं नव्हतं. तुमच्या आईच्या माघारी तुम्ही रीत मोडलीत, एवढंच रघुरामांना सांगते."

घाव वर्मी बसला. सज्जन माणसाचं तोंड उतरलं. खरंच उठले नव्हते ना! "चुकलं, मामी, चुकलं," म्हणत ते कसेबसे उतरले आणि वाकायला लागले.

"असा नाही. चूक मोठी आहे. साष्टांग."

व्यंकोबांनी उपरणं कमरेला बांधलं आणि ते आडवे झाले. गार फरशीवर कपाळ टेकलं, हात पुढे जोडले. पाय मागे लांब पसरले, तळवे छताकडे.

"द्या मामी आशीर्वाद."

"थांबा. मोठा द्यायचाय. आठवतेय."

मी दबक्या पावलांनी मागच्या बाजूला गेले आणि हातमोजे चढवले. नंदिताला खूण केली, तिने टॅब उचलून आणला. हरिणी कुजबुजली, "सिस्टर, हे आपल्या नियमांत..." मी ओठांवर बोट ठेवलं. डॉक्टरला गप्प बसवायची ही माझी पहिलीच वेळ.

डावा मोजा तळव्याला चिकटला होता. सलाईनचं पाणी थेंब थेंब सोडून भिजवला. मनात म्हणत होते, आता पाय झाडतील, आता उठून बसतील. मोजा सोलत आणला, तसा आतून एक चिंचोका फरशीवर पडला. नातीच्या पल्लांगुळीच्या खेळातला. किती दिवस त्यावर चालत होते कोण जाणे, तळव्यात त्याचा खड्डा पडला होता. टाचेच्या पुढे भाजल्याचा फोड फुटून रुपयाएवढी जखम. करंगळी काळी पडलेली. मी पाऊल तळहातावर घेतलं. कापसाने पुसलं. जखमेच्या कडेला बोट दाबून बघितलं. कुणीही आईगं म्हणून ओरडलं असतं.

"मामी," व्यंकोबा फरशीतून म्हणाले, "किती वेळ? द्या की आशीर्वाद. मान आखडली."

नंदिताला हुंदका आला.

"व्यंकोबा," मी म्हटलं, "तुमचा पाय माझ्या हातात आहे."

"नाही."

"आहे."

"काहीतरी काय मामी! तुम्ही धरलात तर मला कळणार नाही?"

त्यांनी मान वळवून खांद्यावरून मागे बघितलं. मी फरशीवर बसले होते आणि त्यांचा पाय माझ्या दोन्ही हातांत होता. ते बघत राहिले. आधी चेहऱ्यावर पाप केल्याची भीती आली, मग ती गेली आणि नुसता गोंधळ राहिला. लहान मुलासारखं विचारलं त्यांनी, "कधीपासून धरलाय?"

"बराच वेळ झाला."

"मला... काहीच कळलं नाही." मग म्हणाले, "मग ती फरशी? ते अकरा वाजताचं ऊन?"

विठोबाचं आणि त्यांचं काय आहे ते त्या दोघांत. मी नसांचं सांगितलं. साखरेने नसा कशा मरतात, मग चटका का कळत नाही. ते पालथे पडूनच ऐकत होते. डोळ्यांतून पाणी फरशीवर पडत होतं. "लोकं माझ्या पायांवर डोकं ठेवायची, मामी. मी ठेवू दिलं."

"मीही हात जोडले होते. तुमच्याहून मोठा मूर्खपणा माझा. मला कळायला हवं होतं."

"कापतील ना?"

इथे मी टॅबकडे बघणार होते. नंदिताने तो समोर धरलाच होता, हरिणी त्यात होती, तिने जखम नीट बघितली होती. पण ती बोलली नाही, माझ्याकडे बघत राहिली. आणि विचारलं तर मला होतं.

"करंगळी जाईल," मी म्हटलं. "पाय जाणार नाही. आज आलात तर. उद्या विचाराल तर मी हे सांगू शकणार नाही." मग हरिणीला तमिळमध्ये सांगितलं, "डॉक्टर, बेड तयार ठेवा, ऑपरेशनची तयारी करा. तक्त्याप्रमाणे इन्सुलिन मी इथेच देतेय. अर्ध्या तासात पोचतो." ती "सरी सिस्टर" म्हणाली. म्हणजे बरं. डॉक्टरने नर्सला बरं म्हणायचं! मोठे डॉक्टर ऐकते तर जिन्याखाली मीटिंग भरली असती.

आशीर्वाद दिला तेव्हा कुठे व्यंकोबा उठले. नंदिताने हाताला धरलं. पुढे झालंही तसंच, करंगळी गेली, पाय राहिला. आता ते प्रदक्षिणा कॅनव्हासचे बूट घालून प्राकाराबाहेरून घालतात आणि पाया पडायला येणाऱ्याला आधी साखर मोजून ये म्हणतात. पण ते नंतरचं.

त्या दिवशी आम्ही रिक्षा केली. नंदिता माझी स्कूटर घेऊन मागून आली. जखमेचा पाय खाली लोंबकळता उपयोगाचा नाही, वर धरून न्यायला हवा, म्हणून व्यंकोबांना आडवं बसवलं आणि त्यांचा पाय मी मांडीवर घेतला. त्यांनी दोनदा मागे ओढायचा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा मी दटावलं, तेव्हा सोडला. मग मान रस्त्याकडे फिरवून बसले. मामीच्या मांडीवर आपला पाय, हे त्यांना बघवत नव्हतं. आणि बघितलं नाही तर कळत नव्हतं.

स्वामिमलैच्या वळणावर रिक्षा मोठ्या खड्ड्यात गेली. बाहेर बघत बघतच त्यांनी विचारलं, "मामी, धरलाय ना?"

"धरलाय."

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा खड्डा आला, आणि त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. इस्पितळ येईपर्यंत तेच चाललं होतं.